दुसरा शनिवार आणि यंत्रणा बंद करण्याचा अधिकार

सप्तपर्णी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत मी गेली चौदा वर्षे माहिती सुरक्षेचे काम करते आहे. मोठ्या उद्योगांनी सायबर हल्ल्यांपासून स्वतःचा बचाव कसा करावा, हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा कोणते उपकरण घ्यावे आणि त्यावर किती खर्च करावा, याच्याभोवतीच फिरत राहते. मला या धाग्यात निराळा मुद्दा मांडायचा आहे आणि त्यासाठी आपल्याच शहरातल्या एका घटनेपासून सुरुवात करते.

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी होती. त्या दिवशी कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतल्या एटीएम केंद्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातल्या केंद्रांतून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. मधला रविवार गेला आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधले आंतरराष्ट्रीय निरोप नेणाऱ्या स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यावर पाठवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाखांवर गेली. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींना दोषी ठरवले. माझा या बँकेशी कसलाही संबंध नाही आणि तिला दोष देण्याचा हेतूही नाही. वर्तमानपत्रांत आणि अहवालांत जे प्रसिद्ध झाले, त्यावरूनच मी लिहिते आहे.

चोरी कशी झाली हे नीट समजून घेतले पाहिजे. आपण परदेशातल्या एटीएममध्ये कार्ड घातले की तो निरोप कार्डाच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या स्विचपर्यंत येतो. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, की या खात्यात पैसे आहेत का, आणि मिळालेले ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर उलट पाठवतो. हल्लेखोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून खऱ्या स्विचच्या शेजारी आपला एक खोटा स्विच उभा केला. त्यामुळे बाहेरून येणारा प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही. तो मधल्यामधेच अडवला गेला आणि प्रत्येक वेळी ‘हो’ असे उत्तर गेले. ग्राहकांच्या खात्यांतली शिल्लक जशीच्या तशी राहिली, कारण ती खाती कोणी उघडलीच नव्हती. तिजोरीला धक्काही न लावता, तिजोरीच्या वतीने होकार देणाऱ्याची जागा चोराने बळकावली होती.

आता तारखांकडे पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, ते गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी होती, पुढचे दोन दिवस न्यूयॉर्कमध्ये सुट्टी होती आणि सोमवारी मनिलामध्ये चिनी नववर्षाची सुट्टी होती. २७ जून २०१७ चा, संगणकांतली माहिती नष्ट करणारा नॉटपेट्या हल्ला युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी झाला. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीची यंत्रणा २०२५ च्या ईस्टरच्या सुट्टीत कोलमडली. हल्लेखोर आपली संगणक प्रणाली जितक्या बारकाईने वाचतात, तितक्याच बारकाईने आपली दिनदर्शिकाही वाचतात.

म्हणून माझा प्रश्न असा आहे : दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता, कार्यालयात दोन कनिष्ठ कर्मचारी असताना, पडद्यावर काहीतरी विपरीत दिसू लागले, तर तुमच्या संस्थेत यंत्रणा तोडून टाकण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? त्या दोघांना तो आहे का? नसेल, तर ज्याला आहे त्याचा फोन लागेपर्यंत किती वेळ जाईल? ७ मे २०२१ रोजी अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीच्या नियंत्रण कक्षात एका कर्मचाऱ्याला पहाटे पाचच्या सुमारास खंडणीचा संदेश दिसला आणि सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत जवळपास ८,८०० किलोमीटर लांबीची संपूर्ण इंधनवाहिनी बंद झालेली होती. त्यांचे इतर अनेक निर्णय चुकले. कोणी वापरत नसलेले एक जुने दूरप्रवेशाचे खाते केवळ पासवर्डाच्या भरवशावर उघडे राहिले होते, आणि पुढे त्यांनी ७५ बिटकॉइनची खंडणीही भरली. परंतु थांबवण्याच्या निर्णयाला त्यांनी तास-सव्वा तासापेक्षा जास्त वेळ लावला नाही, आणि मला त्याचेच महत्त्व वाटते.

आपापल्या क्षेत्रातला अनुभव कृपया लिहावा.

---

रोजकीर्द

सप्तपर्णीताई, लेख आवडला. मी एका सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. आमच्या उमेदीच्या काळात संध्याकाळी रोजकीर्द जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पाच रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत सगळे बसून तो शोधत. संगणक आल्यावर हा ताळमेळ आपोआप होईल असे गृहीत धरले गेले, आणि तो ज्या प्रणालीतून होतो तीच खोटे बोलू लागली तर काय करायचे, याचा विचार मागे पडला.

तुम्ही सांगितलेल्या खोट्या स्विचवर मला सुचणारा उपाय आमच्या जुन्या शिस्तीतलाच आहे. स्विचने दिलेल्या होकारांची संख्या आणि मुख्य प्रणालीत प्रत्यक्ष नावे पडलेल्या, म्हणजे खात्यातून वजा झालेल्या, व्यवहारांची संख्या, या दोन्ही दर तासाला एकमेकींशी पडताळून पाहिल्या पाहिजेत. हे पडताळणारे यंत्र तिसऱ्याच ठिकाणी असावे, त्याची चावी स्विच सांभाळणाऱ्या विभागाकडे नसावी, आणि बाहेरच्या जाळ्याकडून येणारी यादी त्याला थेट मिळावी. तिसरीकडे असा हिशेब सुरू असेल, तर पहिल्या तासाभरातच फरक डोळ्यांत भरेल. दुसरी गोष्ट मर्यादेची. एका दिवसात परदेशातून एकूण किती रक्कम निघू शकते, याची कमाल मर्यादा कार्डाच्या जाळ्याच्या बाजूला लावून घ्यावी. आपला स्विच कितीही ‘हो’ म्हणाला तरी पलीकडचा दरवाजा त्या आकड्यावर बंद होईल.

रिझर्व्ह बँकेनेही पुढे पावले उचलली, हे नमूद करायला हवे. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांचे चार स्तर करून प्रत्येकाला झेपतील असे नियम ठरवले गेले. जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने नवी कार्डे देताना ती फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या यंत्रांसाठीच सुरू असावीत, परदेशातला वापर ग्राहकाने मागितल्यावरच सुरू करावा, असे सांगितले. अतिशय साधा, पण मोठ्या परिणामाचा नियम आहे तो.

---

यंत्रशाळा

मी चाकणच्या एका वाहनउद्योगात देखभाल विभागात आहे. धाग्यातला मुद्दा मला पटतो, पण एका ठिकाणी अडचण दिसते आणि ती स्पष्टपणे मांडतो. बँकेचा स्विच तासभर बंद ठेवला तर ग्राहक चिडतील, पण वस्तू खराब होणार नाही. आमच्याकडे रंगाची लाइन मध्येच थांबली तर आत असलेल्या बॉडी पुन्हा घासून रंगवाव्या लागतात आणि भट्टी पुन्हा तापवायला वेळ लागतो. कनिष्ठ माणसाने भीतीपोटी लाइन थांबवली आणि नंतर तो इशारा खोटा निघाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मेमो पडतो. मी स्वतः अशा एका मुलाला पूर्वीच्या नोकरीत लेखी खुलासा देताना पाहिले आहे. त्यानंतर त्या पाळीतल्या कोणीही पुन्हा कधी काही थांबवले नाही.

शिवाय आमच्या यंत्रांचे संगणक जुने असतात. पंधरा वर्षांपूर्वीचे विंडोज त्यांवर चालू असते, कारण यंत्राचा निर्माता नवे सॉफ्टवेअर देत नाही आणि यंत्र तर अजून दहा वर्षे चालणार असते. निर्मात्याचा तंत्रज्ञ परदेशातून थेट त्या यंत्रात शिरून दुरुस्ती करतो, त्यासाठीची वाट कायम उघडी ठेवलेली असते. तिथे ‘सुरक्षेचे अद्ययावतीकरण करा’ हा सल्ला कागदावरच राहतो.

---

सप्तपर्णी

यंत्रशाळा, तुमची अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर बहुधा तुमच्याच कारखान्यात आहे. लाइनवरच्या प्रत्येक कामगाराच्या हाताशी लाल बटण असते. कोणाचा हात यंत्रात अडकला तर ते दाबायला व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही आणि दाबल्याबद्दल कोणाला मेमो मिळत नाही. ही शिस्त कारखान्यांनी अनेक अपघातांनंतर अंगवळणी पाडून घेतली आहे. संगणकांच्या बाबतीत आपण तिथपर्यंत अजून पोहोचलो नाही.

‘बंद करणे’ याचा अर्थ सगळेच बंद करणे असाही नाही. कार्यालयाचे जाळे आणि यंत्रांचे जाळे यांच्यामध्ये एक कापण्याची जागा आधीच तयार ठेवायची, ती कापली तर लाइन निदान हातातली पाळी पूर्ण करू शकेल याची चाचणी घ्यायची, आणि ती जागा कापण्याचा अधिकार पाळीप्रमुखाला द्यायचा. निर्मात्याच्या तंत्रज्ञाची वाट एरवी बंद ठेवावी आणि त्याने फोन केल्यावर, तुमच्या माणसाच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळेपुरती उघडावी. जुने विंडोज बदलता येत नसेल तर त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता तरी अरुंद करता येतो.

---

उरणचा

न्हावा शेवा परिसरात कस्टम्सच्या कामात माझी वीस वर्षे गेली, म्हणून सप्तपर्णी यांनी ओझरता उल्लेख केलेल्या नॉटपेट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हल्ल्याचा उगम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये होता. एम. ई. डॉक असे त्याचे नाव, आणि करभरणीसाठी तिथल्या असंख्य व्यवसायांत ते वापरले जात असे. हल्लेखोरांनी त्याच्या अद्ययावतीकरणातच विष कालवले. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या ओडेसा येथील कार्यालयात ते सॉफ्टवेअर एका संगणकावर होते, आणि तिथून काही तासांत जगभरातले तिचे कामकाज आडवे झाले. त्याच समूहाकडून चालवले जाणारे जेएनपीटीतले, म्हणजे न्हावा शेवा बंदरातले, गेटवे टर्मिनलही त्यात सापडले. कंटेनर जागेवर होते, क्रेन जागेवर होत्या, चालक जागेवर होते, परंतु कोणता कंटेनर कोणाचा आणि कुठल्या थप्पीत, हे सांगणारी माहितीच नाहीशी झाली होती. बंदरात माहिती गेली की मालही गेल्यासारखाच असतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळले.

मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे झाले. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब अशी, की कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची नक्कल जपत होते आणि म्हणून सगळे एकाच वेळी पुसले गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचा पुनर्जन्म एका खंडित वीजपुरवठ्यावर अवलंबून राहिला. एकमेकांना जोडलेल्या दीडशे प्रतींपेक्षा तारेवरून काढून कपाटात ठेवलेली एक प्रत अधिक मोलाची असते, हे मी तेव्हापासून भेटेल त्या प्रत्येक व्यावसायिकाला सांगत आलो आहे.

---

बाजारपेठ

मी सूतव्यवसायात आहे आणि संगणकातले मला फारसे कळत नाही. एक शंका विचारतो : मोठ्या कंपन्यांनी या सगळ्यासाठी विमा घेतला तर भागत नाही का?

---

सप्तपर्णी

विमा घ्यावाच, पण त्याच्या अटी वकिलाकडून वाचून घ्याव्यात. मर्क या औषध कंपनीने नॉटपेट्यामुळे झालेल्या सुमारे १ अब्ज ४० कोटी डॉलरच्या नुकसानीचा दावा केला, तेव्हा हा हल्ला म्हणजे युद्धकृत्य असून युद्धाचे नुकसान पॉलिसीत बसत नाही, अशी भूमिका विमा कंपन्यांनी घेतली. न्यू जर्सीच्या अपिलीय न्यायालयाने मे २०२३ मध्ये मर्कच्या बाजूने निकाल दिला, मात्र हल्ल्यापासून तोपर्यंत जवळपास सहा वर्षे गेली होती. दरम्यान, लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने सरकारी पाठबळाचे सायबर हल्ले स्वतंत्र सायबर पॉलिसींतून स्पष्टपणे वगळावेत, असे आपल्या बाजारातल्या विमा कंपन्यांना सांगितले आणि ते मार्च २०२३ पासून लागू झाले. तेव्हा पैसे मिळालेच तरी ते उशिरा मिळतील, आणि तोवर कंपनी उभी ठेवायची जबाबदारी आपलीच असेल.

---

दूरदेशी

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हर या मोटार कंपनीवर २०२५ मध्ये जो हल्ला झाला, तो या भागाने फार जवळून पाहिला. हल्ला ऑगस्टच्या अखेरीस झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून उत्पादन थांबले. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबरला वाहनांच्या नव्या क्रमांकांची मालिका सुरू होते आणि विक्रेत्यांसाठी तो वर्षातला अत्यंत गर्दीचा दिवस असतो. दिनदर्शिकेचा मुद्दा इथेही लागू पडतो. कंपनीने आपल्या प्रणाली स्वतःहून बंद केल्या. उत्पादन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली आणि सायबर मॉनिटरिंग सेंटर या संस्थेने ब्रिटिश अर्थव्यवस्थेचे नुकसान १ अब्ज ९० कोटी पौंडांचे असल्याचा अंदाज दिला.

या अनुभवावरून यंत्रशाळा यांच्या शंकेला जोड द्यावीशी वाटते. मोठी कंपनी थांबते तेव्हा तिला सुटे भाग पुरवणारी लहान कारखानदारीही थांबते, आणि त्या लहानांकडे महिनाभर पगार देण्याइतकी गंगाजळी नसते. म्हणून थांबवण्याची योजना आखताना पुरवठादारांना निरोप कसा जाईल आणि त्यांची आधीची बिले हाताने कशी चुकती करता येतील, हेही आधीच लिहून ठेवले पाहिजे. चाकणमध्येही एका मोठ्या कारखान्यामागे शेकडो लहान कारखाने असतील.

आणखी एक तुलना सांगतो. त्याच वर्षी मार्क्स अँड स्पेन्सरची ऑनलाइन विक्री सुमारे दीड महिना बंद राहिली. त्याच सुमारास को-ऑप या दुसऱ्या साखळीवरही हल्ला झाला, पण त्यांनी हल्लेखोर आत असतानाच आपल्या प्रणाली जाळ्यातून तोडल्या. ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि काही दुकानांतली मांडणी रिकामी पडली, परंतु सगळे काही कुलूपबंद करणारे खंडणीचे सॉफ्टवेअर चालवण्याची संधी हल्लेखोरांना मिळाली नाही.

---

निगडीवासी

मी सहा वर्षे एका कंपनीच्या हेल्प डेस्कवर होते. दूरदेशी यांनी मार्क्स अँड स्पेन्सरचा उल्लेख केला म्हणून लिहिते. त्या कंपनीच्या अध्यक्षांनी ब्रिटिश खासदारांपुढे सांगितले, की हल्लेखोर दुसऱ्या कोणाचे तरी सोंग घेऊन आत शिरले. ते सोंग ज्याच्यासमोर घेतले जाते तो माणूस बहुतेक वेळा माझ्यासारखा असतो.

एका रात्री दहा वाजता मला फोन आला. बोलणाऱ्या गृहस्थांनी एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव सांगितले, त्यांचा कर्मचारी क्रमांक आणि जन्मतारीख अचूक दिली आणि विमानतळावरून बोलतो आहे, पासवर्ड ताबडतोब बदलून द्या, असा आग्रह धरला. मी म्हणाले, की आमच्या नोंदीतल्या तुमच्या क्रमांकावर मीच उलट फोन करते. त्यावर त्यांनी आवाज चढवला आणि माझी नोकरी घालवण्याची भाषा केली. मी नकारावर ठाम राहिले. ते खरे अधिकारीच होते, असे दुसऱ्या दिवशी कळले. माझ्या पर्यवेक्षकांनी सर्वांसमोर मला ‘ग्राहकसेवा कशी नसावी’ याचे उदाहरण म्हणून उभे केले. त्यानंतर आमच्या गटातल्या सगळ्यांनी उलट फोन करणे बंद केले. त्यात त्यांची चूक नव्हती.

आता तर आवाज आणि चेहराही बनावट करता येतो. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपले वित्तप्रमुख आणि सहकारी पाहिले, त्यांच्या सांगण्यावरून पंधरा वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि बैठकीतले ते सगळे चेहरे बनावट होते. अशा वेळी ‘जरा सावध राहा’ असे सांगून कर्मचाऱ्याला मदत होत नाही. उलट फोन करण्याचा नियम कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही लागू आहे, हे त्या अधिकाऱ्यानेच सहीनिशी जाहीर केले तर मदत होते.

---

यंत्रशाळा

निगडीवासी ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या पाळीच्या बैठकीत वाचून दाखवण्याची परवानगी द्यावी.

---

निगडीवासी

जरूर वाचावा. नाव तर कुठेच नाही.

---

सप्तपर्णी

मी धागा सुरू केला तेव्हा थांबवण्याच्या अधिकाराविषयी बोलत होते. निगडीवासी यांनी दाखवून दिले, की तो अधिकार नाकारण्याच्या अधिकारापासून सुरू होतो आणि नाकारणाऱ्याची दुसऱ्या दिवशी काय गत होते, यावर सगळे ठरते.

कायद्याची बाजूही इथे नोंदवते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिची माहिती कळवावी लागते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तासांत निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरलेले नसेल, तर ते सहा तास फोनाफोनीतच जातील. आणि बाहेरच्या संस्थेला हा अधिकार असला तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीच्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयके महामंडळाने (एनपीसीआय) तिला देयकांच्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण लागण उरलेल्या जाळ्यात पसरली नाही आणि खातरजमा झाल्यावर जोडणी पूर्ववत झाली.

आमच्या कंपनीत मी या महिन्यात एक प्रस्ताव दिला आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी, कोणालाही आधी वेळ न सांगता, पाळीवरच्या दोघांना खोटा इशारा पाठवायचा आणि पहिल्या प्रणालीची जोडणी प्रत्यक्ष तुटेपर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजायचे. रोजकीर्दकाका, अधिकारपत्राचा मसुदा करते आहे. त्यावर सही कोणाची असावी, असे तुम्हाला वाटते?

---

रोजकीर्द

संचालक मंडळाची असावी, एकट्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाची नको. विभागप्रमुख बदलला की त्याची सही विस्मरणात जाते, मंडळाचा ठराव इतिवृत्तात राहतो. मजकूर एका पानापेक्षा मोठा नको. कोणती जोडणी तोडायची, कोणी तोडायची, तोडल्यावर पहिला फोन कोणाला करायचा आणि सद्हेतूने तोडल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, एवढी चार वाक्ये त्यात मराठीत आणि इंग्रजीत असावीत. ते पान संगणकात ठेवू नका. हल्ल्याच्या वेळी ते उघडणार नाही. पाळीच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवा आणि त्याखाली घरचे दूरध्वनी क्रमांक शाईने लिहा.